बाप्तिस्म्यानंतरची शाळा

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी आपल्या लहानग्या लेकीसह, मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचं वय होतं 25. पुराणं मुखोद्गत होती. कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 साली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. आता आपल्याला काय शिकायचं राहिलं, असं त्यांना वाटलं असतं तर कुणी नवल केलं नसतं. पण पुढची जवळजवळ 39 वर्षं या बाई ख्रिस्ताच्या पायाशी विद्यार्थिनी होऊन बसल्या. आपल्याकडे बाप्तिस्मा झाला की शिकणं संपलं असं मानणारे पुष्कळ आहेत. म्हणून हा मागोवा.

सुरुवात वादानेच झाली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना रमाबाई लांबलचक पत्रं लिहीत. ख्रिस्ताचं देवत्व, त्रैक्य, चर्चचा अधिकार, काहीच त्यांनी डोळे मिटून घेतलं नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरंच कशाला, संस्कृत का नकोत, हेही विचारलं. सिस्टर जेराल्डीनना यात अहंकार दिसला. मला त्यात खरी निष्ठा दिसते. ज्याच्या मागे जायचं त्याला नीट ओळखून घ्यायला हवं, एवढंच ती बाई म्हणत होती.

भारतात परतल्यावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं.

पुण्यातल्या त्या दिवसांत त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन आलं. हा माणूस वर्षानुवर्षं व्यासपीठावरून बोलत होता आणि खरा पालट त्याला फार उशिरा सापडला. ते वाचून रमाबाईंना स्वतःविषयी कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षं होत आली होती. जगभर नाव झालेल्या बाईने हे मान्य करायचं आणि पुढे 1907 साली आपल्या साक्षीत छापूनही टाकायचं, याला मोठं धैर्य लागतं. मला तर त्यांच्या आयुष्यातला हाच सर्वांत मोठा धडा वाटतो.

मग लोणावळा. ते खोपोलीच्या थेट डोक्यावर. तिथे उन्हाळ्यात प्रार्थनेची शिबिरं भरत. 1896 च्या शिबिराला त्यांच्याबरोबर विश्वासात आलेल्या 15 मुली होत्या. एका पहाटे रमाबाई एकट्याच बाजूला गेल्या आणि 15 च्या 225 होऊ देत, असं मागणं मागून आल्या. सदनात तेवढी जागा नव्हती, हाती पैसाही नव्हता. त्याच वर्षी दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली, विधवा आणल्या, त्या 300 च्या आसपास होत्या. केडगावला या मुलींसाठी ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली ती यातूनच. शास्त्रात वाचलेलं रमाबाई आता विहीर खणताना, ताप उतरेपर्यंत जागताना शिकत होत्या.

आणि पन्नाशीच्या आसपास त्या पुन्हा मुळाक्षरांपासून शिकायला बसल्या! अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणायचं ठरवलं, म्हणून इब्री आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या या विदुषीला प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर वाटे. मुक्तीतल्या नुकत्याच वाचायला लागलेल्या बाईला ते कळावं, एवढाच त्यांचा आग्रह होता. छापखाना आवारातच होता. दुष्काळातून आलेल्या मुलीच खिळे जुळवत, छपाईचं कामही करत.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. सगळं सांभाळायला जिच्या हाती द्यायचं, तीच आधी गेली. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. मुक्तीत सांगतात की शेवटी त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले, कारण तेवढं काम उरलं होतं. ते झालं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याआधी वर्ग चालतो, नंतर बंद पडतो. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली, जिथे पाच-सात जण घरात प्रार्थनेला जमतात तिथे तो चालू ठेवा. शंका विचारणाऱ्या पोराला गप्प बसवू नका, साठीच्या आजीला नवं वाचायला द्या. आणि पहिलं पुस्तक म्हणून रमाबाईंची साक्षच घ्या. ती छोटी आहे, काही रविवारांत वाचून होईल.