स्पॅनिश क्रियाविशेषणांमागचे ‘मन’

‘तो चांगला गातो’ आणि ‘ती चांगली गाते’ ही वाक्ये मराठी माणूस सहज बोलतो. ‘चांगला’ हा शब्द येथे गाण्याची रीत सांगतो, म्हणजे क्रियाविशेषणाचे काम करतो. तरीही तो कर्त्याच्या लिंगानुसार बदलतो. स्पॅनिशमध्ये मात्र गाणारा पुरुष असो वा स्त्री, ‘ब्येन’ हा एकच शब्द येतो. मराठीची ही सवय बाजूला ठेवली नाही, तर स्पॅनिश शिकताना चुका अटळ ठरतात.

स्पॅनिशमधील रीतिवाचक क्रियाविशेषणे बहुधा विशेषणाच्या स्त्रीलिंगी रूपाला ‘मेन्ते’ हा प्रत्यय लावून तयार होतात. ‘लेन्तो’ म्हणजे संथ, स्त्रीलिंगात ‘लेन्ता’, त्यावरून ‘लेन्तामेन्ते’, अर्थात संथपणे. ज्या विशेषणाचे रूप दोन्ही लिंगांत सारखेच असते, त्याला प्रत्यय थेट लागतो. उदाहरणार्थ, ‘आलेग्रे’ (आनंदी) वरून ‘आलेग्रेमेन्ते’. मूळ विशेषणावर आघातचिन्ह असल्यास तेही कायम राहते.

स्त्रीलिंगच का, याचे उत्तर लॅटिनमध्ये सापडते. तेथे मन किंवा बुद्धी या अर्थाचा ‘मेन्स’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि ‘मेन्ते’ हे त्याचे ‘मनाने’ या अर्थाचे रूप. ‘शांत मनाने’ अशा धाटणीच्या प्रयोगांतील हा शब्द कालांतराने स्वतंत्र अर्थ गमावून प्रत्यय बनला. विशेषणाचे स्त्रीलिंग तेवढे मागे उरले. संस्कृतातील ‘मति’ हा शब्दही याच मुळाचा.

या प्रत्ययाचे जुने स्वातंत्र्य आजही जाणवते. दोन क्रियाविशेषणे ‘आणि’ने जोडली, की प्रत्यय केवळ शेवटच्या शब्दाला लागतो : ‘क्लारा ई लेन्तामेन्ते’, म्हणजे स्पष्टपणे आणि संथपणे.

असे लांबलचक शब्द वारंवार आले, की वाक्य जड होते. त्यामुळे ‘कोन क्लारिदाद’ (स्पष्टतेने) असे सुटसुटीत पर्यायही वापरले जातात. १९८२चे नोबेल विजेते कोलंबियन कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस तर ‘मेन्ते’ची क्रियाविशेषणे कटाक्षाने टाळत.

खरी कसोटी लहान शब्दांची असते. ‘ती थोडी दमली आहे’ यातील ‘थोडी’साठी स्पॅनिशमध्ये ‘मेद्यो’ हा शब्द योजता येतो. पुढचे विशेषण स्त्रीलिंगी ‘कान्सादा’ होते, पण प्रमाण भाषेत ‘मेद्यो’चा ‘मेद्या’ होत नाही. विशेषण बदलते, क्रियाविशेषण बदलत नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवले तरी निम्मी लढाई जिंकली म्हणायची!