बर्फावरील भक्कम तटबंदी

आइस हॉकी हा पायांत धारदार पात्यांचे बूट घालून बर्फाच्या मैदानावर खेळला जाणारा वेगवान खेळ होय. रबराची कठीण चकती गोलजाळ्यापर्यंत पोहोचू नये, म्हणून बचावपटूला प्रसंगी आपले शरीरच आडवे घालावे लागते. साहजिकच या जागी दीर्घकाळ टिकणारे खेळाडू विरळाच. झ्देनो खारा हे त्यांपैकी एक.

त्यांचा जन्म १९७७ साली तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील त्रेनचीन येथे झाला. वडील ऑलिंपिकमध्ये खेळलेले कुस्तीगीर असल्याने व्यायामाची शिस्त त्यांना घरातच लाभली. एवढ्या उंच मुलाने बास्केटबॉल खेळावा, असे काहींनी सुचवले. परंतु त्यांनी हॉकी सोडली नाही. १९९७ मध्ये त्यांनी उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये पदार्पण केले. पुढे ६ फूट ९ इंच उंचीचे खारा १४ हंगाम बोस्टन ब्रुइन्स संघाचे कर्णधार होते. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने २०११ मध्ये स्टॅन्ली चषक जिंकला.

२०१९ च्या अंतिम मालिकेत चकती तोंडावर आदळून त्यांचा जबडा मोडला. तरीही पुढच्याच सामन्यात ते मैदानात उतरले. तो चषक हुकला. मात्र संघाला संकटात एकटे न सोडणारा कर्णधार प्रेक्षकांनी पाहिला.

वयाच्या ४५ व्या वर्षी, २०२२ मध्ये, ते निवृत्त झाले. तोवर ते साखळी फेरीचे १,६८० सामने खेळले होते. त्यापूर्वी कोणत्याही बचावपटूने एवढा पल्ला गाठला नव्हता. अंगच्या बळाला नित्य परिश्रमांची जोड मिळाल्यानेच हे साध्य झाले.