शेततळे हिरवे झाले? औषधाआधी रंग ओळखा

मार्च उजाडला की पारनेर, पाथर्डी, कर्जत, संगमनेरच्या शेततळ्यांत एक बदल दिसू लागतो. पावसाळ्यात विहिरीतून उपसून किंवा कालव्याच्या आवर्तनात भरून घेतलेले पाणी हिवाळ्यात निवळशंख असते. ऊन वाढले की ते आधी हिरवट होते, मग काठाला तंतू दिसतात आणि एप्रिलमध्ये ठिबकचे फिल्टर दिवसातून दोनदा धुवावे लागतात. डाळिंबाची बाग ऐन ताणाच्या काळात असते. शेतकरी दुकानातून मोरचूद आणतो आणि तळ्यात टाकतो. चार दिवस पाणी स्वच्छ दिसते. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेच.

असे का होते? कारण शेवाळ हा मूळ रोग नाही. पाण्यात अन्न जास्त झाल्याची ती खूण आहे. औषधाने शेवाळ मरते, पण अन्न तळ्यातच राहते. मेलेले शेवाळ कुजून तेच अन्न पाण्यात परत सोडते आणि पुढच्या पिढीची सोय होते.

एक किलो डीएपी, वीस किलो शेवाळ

शेवाळाला ऊन, नत्र आणि स्फुरद लागते. ऊन आपल्याकडे भरपूर. नत्र अनेक विहिरींच्या पाण्यातच असते. उरला तो स्फुरद, आणि बहुतेक वेळा वाढीचा लगाम त्याच्याच हाती असतो. शेवाळाच्या पेशीला स्फुरद फार थोडा लागतो. 1 किलो शुद्ध फॉस्फरसवर 100 किलोहून अधिक सुके शेवाळ तयार होऊ शकते. 1 किलो डीएपीत साधारण 200 ग्रॅम फॉस्फरस असतो. म्हणजे तळ्याच्या भरावावर फुटलेल्या पोत्यातून किलोभर खत वाहून आत गेले, तरी सुमारे 20 किलो सुक्या शेवाळाची बेगमी झाली. ओले वजन त्याच्या कितीतरी पट.

खत तळ्यात शिरते कसे? विद्राव्य खतांच्या टाक्या तळ्याच्या काठावरच धुतल्या जातात. उकिरडा वरच्या बाजूला असतो आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यातून वाहत येते. मासे सोडलेले असतील तर त्यांच्यासाठी शेण आणि सुपर फॉस्फेट टाकले जाते, कारण माशांना हिरवे पाणी लागते. पण ठिबकला स्वच्छ पाणी लागते. एकाच तळ्यातून दोन्ही हवे असेल, तर कशाला किती झुकते माप द्यायचे हे आधी ठरवावे लागते.

काठीची परीक्षा

सगळे हिरवे सारखे नसते. एक काठी पाण्यात फिरवून वर काढा. काठीला केसांसारखे तंतू लटकले तर ते तंतुमय हिरवे शेवाळ. ते फिल्टरला त्रासदायक, पण सहसा विषारी नसते. काठी ऑइलपेंटमध्ये बुडवल्यासारखी निळसर हिरवी माखून आली, तर सावध व्हा. ते नील-हरित शेवाळ असण्याची शक्यता मोठी. आणखी एक खात्री करता येते. काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय बळावतो. हिरवेपणा तळाशी बसला असेल तर तो कमी होतो.

नील-हरित शेवाळ म्हणजे खरे तर जिवाणू. भाताच्या खाचरात हवेतले नत्र जमिनीत आणणारे जैविक खत म्हणून आपण त्यांच्या काही जाती मुद्दाम सोडतो. सर्वच जाती विषारी नाहीत. मात्र साचलेल्या, कोमट पाण्यात वाढणाऱ्या काही जाती यकृतावर आणि मज्जातंतूंवर घाव घालणारी विषे तयार करतात. विषारी आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून पेंटसारखा थर दिसला की ते पाणी विषारी समजूनच वागावे.

हे नवे संकट नाही. ऑस्ट्रेलियातील एका सरोवराचे असे पाणी पिऊन जनावरे मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी 1878 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात केली होती. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. उकळण्याने यातील यकृताचे विष नष्ट होत नाही. पाणी आटल्याने ते उलट दाट होते. पिण्याच्या पाण्यात दीर्घकाळासाठी मायक्रोसिस्टिन या विषाची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा लिटरला अवघी 1 मायक्रोग्रॅम आहे.

असे पाणी प्यायलेली जनावरे लडखडतात, थरथरतात, चारा सोडतात. माणसाला अंगाला खाज, उलट्या, जुलाब होऊ शकतात. असे काही दिसले तर जनावर लगेच त्या पाण्यापासून दूर न्यावे, पशुवैद्यकाला बोलवावे आणि शेवाळाचे पाणी बरणीत भरून दाखवावे.

मोरचुदाचे गणित

नील-हरित शेवाळाचा दाट थर असताना मोरचूद टाकणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते. पेशी एकदम फुटतात आणि आतले विष पाण्यात मोकळे होते. पाणी निवळ दिसते, तेव्हाच ते जास्त धोक्याचे असू शकते. त्या पाण्यावर जनावरे काही आठवडे नेऊ नयेत. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात.

प्रमाणाचीही गफलत होते. 30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल, उताराच्या भिंतींचे तळे भरलेले असताना त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी असते. हजार लिटरला 1 ग्रॅम हे प्रमाण धरले तरी मोरचूद सव्वादोन किलोच्या आत बसतो. मे महिन्यात तळे अर्धे झाले असताना तोच हिशेब लावला तर मात्रा दुप्पट होते. योग्य मात्रा पाण्याच्या अल्कतेवर अवलंबून असते, म्हणून पाणी तपासल्याशिवाय अंदाजाने टाकू नये. कागद अंथरलेल्या तळ्यातून पाणी झिरपत नाही. तांबे गाळात साठत जाते किंवा ठिबकमधून बागेत जाते, जिथे बोर्डो मिश्रणाचे तांबे आधीच असते. आणि मेंढ्यांना तांब्याची बाधा इतर जनावरांपेक्षा लवकर होते. वाटेवरच्या कळपाला पाणी पाजण्याआधी हे लक्षात ठेवा.

मग करायचे काय?

पहिले काम अन्न तोडण्याचे. भराव उंच ठेवा, बाहेरचे वाहते पाणी थेट आत येऊ देऊ नका, आत घेणारच असाल तर आधी गाळाच्या खड्ड्यात थांबवा. खताच्या टाक्या तळ्यापासून दूर धुवा. तळे रिकामे होईल तेव्हा गाळ काढून शेतात पसरा.

दुसरे काम ऊन अडवण्याचे. शेडनेट अंथरता आली तर शेवाळही घटते आणि बाष्पीभवनही.

तंतुमय शेवाळ जाळीने ओढून काढा आणि काठावर न ठेवता लांब खतात टाका. काठावर कुजले तर रस पुन्हा तळ्यातच. निळसर थराला उघड्या हाताने शिवू नका. मोटारीचा फूट व्हॉल्व्ह तरंगत्या ड्रमला बांधून पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर ठेवा, म्हणजे वरचा थर आणि तळाचा गाळ दोन्ही टळतात. स्क्रीन फिल्टरच्या आधी सँड फिल्टर असावा आणि तो वेळेवर उलटा धुवावा. सिल्व्हर कार्प मासा तरंगते सूक्ष्म शेवाळ खातो, पण माशांना जादा खाद्य टाकले तर फायदा तोट्यात जातो.

एवढे करूनही मोरचूद लागलाच, तर शेवाळ कोवळे असताना, तळ्याच्या थोड्या थोड्या भागात, काही दिवसांच्या अंतराने वापरावा. त्याआधी बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्राचा, नाहीतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाण्याच्या रेषेवर कागदाला धरलेला बुळबुळीत थर हेही शेवाळच. त्यावर पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही उतारावरून वर चढता येत नाही. म्हणून तळ्याला कुंपण घाला, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, आणि शेवाळ काढायला कधीही एकट्याने उतरू नका.