पाच देशांचा परका प्रशिक्षक

परदेशातून प्रशिक्षक आणला की त्याच्या देशाची खेळपद्धतही सोबत येईल, अशी फुटबॉल संघटनांची समजूत असते. जर्मन आला की शिस्त येईल, ब्राझिलियन आला की कसब येईल. बोरा मिलुतिनोविच या सर्बियन माणसाची कारकीर्द मात्र या हिशेबात बसत नाही. 1986 ते 2002 या काळात सलग पाच विश्वचषकांत त्याने मेक्सिको, कोस्टा रिका, अमेरिका, नायजेरिया आणि चीन असे पाच वेगवेगळे संघ उतरवले, आणि त्यांतले पहिले चार बाद फेरीत पोहोचले. या पाचांच्या खेळात युगोस्लाव्ह म्हणावं असं काही शोधूनही सापडत नाही. माझ्या मते त्याच्या यशाचं मर्म तिथेच आहे. हाताशी असलेल्या खेळाडूंना काय येतं हे चटकन ओळखायचं आणि तेवढ्याच भांडवलावर महिनाभराची स्पर्धा लढवायची, ही त्याची विद्या.

ती आली कुठून, याचं उत्तर त्याच्या खेळाडू म्हणून गेलेल्या वर्षांत आहे. 1944 साली जन्मलेला बोरा बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळला. त्याचे दोन थोरले भाऊही तिथलेच. त्यांतला मिलोश तर युगोस्लाव्हियाकडून विश्वचषकात खेळला. बोराचं नाव तेवढं झालं नाही. स्वित्झर्लंड, मग फ्रान्समधले मोनॅको, नीस, रुआँ असे क्लब पालथे घालत तो 1970 च्या दशकात मेक्सिको सिटीच्या पुमास या विद्यापीठाच्या क्लबकडे आला. तिथेच बूट काढून ठेवून तो प्रशिक्षक झाला, 1980-81 ची लीग जिंकली, आणि 1983 मध्ये मेक्सिकोचा राष्ट्रीय संघ त्याच्या हाती आला. गाजलेल्या खेळाडूला परक्या देशात नावावर जागा मिळते. बेताच्या परदेशी खेळाडूला ती दर वेळी नव्याने मिळवावी लागते: नवी भाषा, नवी ड्रेसिंग रूम, कोणाचं कोणाशी पटतं याचा नवा अंदाज. प्रशिक्षकाची खरी तालीम बोराने अशी घेतली होती.

तिचा सर्वांत लख्ख पुरावा म्हणजे 1990 मधला कोस्टा रिका. हा छोटा देश पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला होता, तोही दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. बोरा आला तो स्पर्धेला जेमतेम काही महिने उरले असताना. एवढ्या वेळात नवी पद्धत शिकवणं कोणालाच शक्य नव्हतं. त्याने काही प्रस्थापित नावं वगळली, बचाव घट्ट बांधला आणि पुढे वेगाने धावणाऱ्यांवर भिस्त ठेवली. स्कॉटलंडवर 1-0, स्वीडनवर 2-1 असे विजय मिळाले. ब्राझीललाही एकच गोल करता आला. तो ब्राझीलचा सामना तुरिनमध्ये होता आणि कोस्टा रिकाचे खेळाडू काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत उतरले. तुरिनच्या युव्हेंटसचे हेच रंग. स्थानिक प्रेक्षकांना आपल्या बाजूला ओढण्याची ही बोराची युक्ती, असं सांगतात. पुढच्या फेरीत जखमी गोलरक्षक कोनेहो खेळू शकला नाही आणि चेकोस्लोव्हाकियाने 4-1 असं हरवलं. जर्सीची गंमत सोडून दिली तरी दोन विजय उरतातच.

यावर पहिला आक्षेप असा, की तेव्हा 24 संघांच्या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाचे काही संघही पुढे जात, त्यामुळे बाद फेरी स्वस्त होती. अमेरिकेच्या बाबतीत हे खरं आहे. 1994 मध्ये तो संघ गटात तिसराच आला होता. पण मेक्सिको गटात पहिला होता, कोस्टा रिका दुसरा. शिवाय त्या काळात अमेरिकेत अव्वल दर्जाची व्यावसायिक लीगच नव्हती. बरेचसे खेळाडू थेट संघटनेच्या करारावर कॅलिफोर्नियात सराव करत होते. त्या संघाने कोलंबियाला हरवलं आणि पुढे विजेत्या ठरलेल्या ब्राझीलला एका गोलपुरतंच यश दिलं. नायजेरियाबद्दलचा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1996 चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला तो संघ मुळातच तगडा होता. 1998 मध्ये स्पेनला 3-2 हरवून तो गटात पहिला आला, मग डेन्मार्ककडून 4-1 असा मार खाल्ला. इथे बोराला निम्म्याहून अधिक श्रेय देणं मलाही जड जातं.

दुसरीकडे, जिथे वेळ भरपूर होता तिथे ही विद्या चालली नाही. अमेरिकेतल्या मेट्रोस्टार्स क्लबची सूत्रं हाती असताना 1999 च्या हंगामात तो संघ तळाला गेला. लीगच्या लांबलचक हंगामात खेळाडू घडवावे लागतात. असलेल्यांची नीट मांडणी करून भागत नाही. चीनमध्ये दुसरी मर्यादा दिसली. 2001 मध्ये त्याने चीनला पहिल्यांदा विश्वचषकाचं तिकीट मिळवून दिलं. जपान आणि दक्षिण कोरिया यजमान म्हणून पात्रता फेरीत नव्हते, हा वाटा नाकारता येत नाही. प्रत्यक्ष स्पर्धेत चीन तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. चीन त्यानंतर पुरुषांच्या विश्वचषकात दिसलेला नाही.

म्हणून असे पाहुणे मागे काहीच ठेवत नाहीत, असं म्हणणारे बरेच आहेत. भारतातही क्रोएशियाच्या इगोर श्टिमाचला 2024 मध्ये राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदावरून हटवल्यावर हाच सूर होता. संस्था उभारण्याच्या बाबतीत तक्रार रास्त आहे. अकादम्या आणि लीग उभ्या करणं हे संघटनांचं काम, ते तीन वर्षांच्या करारावरच्या माणसाकडून होत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र मी ती मान्य करणार नाही. 2002 मध्ये चीनला पहिल्या सामन्यात 2-0 असं हरवलं ते कोस्टा रिकाने. त्यांचा प्रशिक्षक होता अलेक्झांद्रे गिमाराइश, ब्राझीलमध्ये जन्मलेला आणि 1990 मध्ये बोराच्याच संघात असलेला खेळाडू. हाच गिमाराइश 2016 मध्ये मुंबई सिटीचा प्रशिक्षक झाला आणि त्या हंगामात मुंबईचा संघ आयएसएलच्या साखळीत पहिला आला.