शुगर लपवू नका

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही कोरोनाविरुद्धची मोहीम 15 सप्टेंबर 2020 ला सुरू झाली आणि नांदेडच्या आमच्या तरोडा भागात आशाताई दारोदार फिरू लागल्या. थर्मल गनने ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि विचारायचं, "घरात कुणाला शुगर, बीपी, किडनीचा त्रास?" क्वारंटाइनला नेतील या धास्तीनं कित्येक जण "काहीच नाही" म्हणायचे, गोळ्यांचा डबा मात्र टीव्हीशेजारी दिसत असायचा. मी म्हणाले, "लिहा ताई, शुगर आहे. साठी ओलांडलीय."

हे सांगण्यात कमीपणा कसला? विषाणू कुणालाही गाठतो, पण सगळ्यांना सारखा झेपत नाही. साखर सतत वाढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. आपण कुठे कमी पडतो हे माहीत असेल, तरच माणूस वेळेत दवाखाना गाठतो.

माझा धाकटा भाऊ लातूरला, औसा रोडला राहतो. दुसऱ्या लाटेत त्याला कोरोना झाला. डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं. शुगर त्यालाही आहे. मी रोज फोनवर एकच विचारायची, "आज आकडा किती?" एका सकाळी ग्लुकोमीटरनं 340 दाखवले. वहिनीनं लगेच डॉक्टरांना कळवलं, इन्सुलिन सुरू झालं. स्टिरॉइडनं साखर भडकतेच. डेक्सामेथासोनमुळे ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांचे जीव वाचतात, हे ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीनं जून 2020 मध्येच दाखवलं होतं. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नव्हता. तरीही अंगावर ताप काढत मनानंच स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे थोडे नव्हते. वाढलेली साखर आणि स्टिरॉइड एकत्र आले की म्युकरमायकोसिसच्या बुरशीला रान मोकळं. गाल सुजणं, दात हलणं, नाकातून काळसर पाणी येणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायला हवं. उशीर झाला की डोळा किंवा जबडा काढावा लागतो.

त्या काळात मी लग्नांना गेले नाही, तेराव्यालाही नाही. "बाई, तुम्ही लईच घाबरता," असं नातेवाईक म्हणायचे. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. मात्र माझी काळजी माझ्या एकटीच्या हातात नव्हती. मुलगा नवा मोंढ्यातल्या दुकानातून आला की आधी अंघोळ करायचा, जेवायला वेगळा बसायचा. त्यानं ते पाळलं नसतं तर माझ्या मास्कचा उपयोग किती झाला असता?

प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची शुगर आणि बीपी मोफत तपासतात. साथ नसतानाच एकदा जाऊन या, घरातल्या मोठ्यांनाही सोबत न्या. आणि पुढच्या वेळी आशाताई दारात आल्या, तर खरं सांगा.