उन्हाळ्यातील बर्फाची पारख

वडोद्याच्या परिसरात डोंगर म्हटला की पावागडच डोळ्यांपुढे येतो. त्याची उंची सुमारे ८०० मीटर. मे महिन्यात तेथे चढणाऱ्याला भय असते ते उन्हाचे. परंतु याच सुट्टीत इकडील तरुण हिमालयाची वाट धरतात. कुलू जिल्ह्यातील सार खिंड ४,००० मीटरांहून उंच असून मे महिन्यातही ती बर्फातूनच ओलांडावी लागते. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही, त्यांनी त्याची पारख करावी तरी कशी?

पहिली गोष्ट वेळेची. रात्रीच्या गारठ्याने बर्फाचा वरचा थर घट्ट होतो आणि पहाटे त्यावर पाऊल टिकते. उन्हे चढली की तोच थर मऊ होऊन पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून जाणते वाटाडे खिंड सकाळीच ओलांडतात. मात्र रात्री आभाळ झाकलेले असल्यास बर्फ नीट गोठत नाही. उलट, गोठलेला उतार अतिशय निसरडा असतो, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट दिशेची. दक्षिणेकडील उतार लवकर उघडा पडतो, तर उत्तरेकडील उतारावर बर्फ पुष्कळ दिवस टिकतो. अलीकडची वाट मोकळी दिसली, म्हणून पलीकडचीही मोकळी असेल असे मानू नये.

तिसरी गोष्ट बर्फाखालील पाण्याची. ओढ्यावरचा बर्फ वरून अखंड दिसला, तरी वाहते पाणी त्याला खालून पोखरीत असते. खोलगट झालेला भाग दिसला किंवा खालून खळखळ ऐकू आली, तर तेथे पाऊल टाकू नये. इतरत्रही काठीने चाचपूनच पुढे जावे. ताजा बर्फ पडल्यावर उभ्या उतारावरून हिमलोट कोसळण्याचा धोका असतो. अशा वेळी मुक्कामीच थांबणे श्रेयस्कर.

जून २०२४च्या आरंभी उत्तरकाशी जिल्ह्यात सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांची तुकडी हिमवादळात सापडली आणि त्यांतील ९ जण दगावले. पंचांगात उन्हाळा असला, तरी तेवढ्या उंचीवर हिवाळा केव्हाही परत येतो.

म्हणून आम्ही आईबापांना सुचवितो की, मुलाला निरोप देताना लोकरीचे कपडे व काळा चष्मा बरोबर द्यावाच. पण त्याच्याकडून एक वचनही घ्यावे. वाटाड्याने "मागे फिरा" म्हटले, तर भरलेल्या पैशांचा वा सोबत्यांच्या थट्टेचा विचार न करता त्याने मागे फिरावे. खिंड पुढल्या वर्षीही तेथेच असेल.