पत्ता बदलल्याची वर्दी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह देशातील मोजक्या महानगरांत इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांना खुले केले, आणि त्यानंतरची काही वर्षे मोडेमची किरकिर ऐकत, लाइन मिळेपर्यंत पुन्हापुन्हा नंबर फिरवत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानी आले असेल की, प्रत्येक वेळी फोन लागताच आपल्या संगणकाला एक निराळा अंकात्मक पत्ता बहाल होतो आणि फोन ठेवताच तो खालसा होऊन दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जातो. याला सेवा देणाऱ्याची कंजुषी म्हणणे अन्यायाचे होईल. बत्तीस बिटांच्या मांडणीत सगळ्या जगाला मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि एका वेळी जितके मोडेम उत्तर देऊ शकतात तितक्याच पत्त्यांवर सर्व ग्राहकांचे भागत असेल, तर प्रत्येकाला कायमचा पत्ता तोडून देण्याचे कारण काय? ज्याला केवळ ईमेल वाचायची असे त्याचे काही अडत नसे, कारण विचारणा त्याच्याकडून निघे आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. अडे ते घरी लिनक्स किंवा फ्रीबीएसडी चालवणाऱ्याचे. आपल्या यंत्रात बाहेरून शिरता यावे, त्यावरची चार पाने मित्रांना पाहता यावीत, अशी त्याची साधीच इच्छा असे, परंतु मित्रांना सांगण्याजोगा पत्ताच त्याच्यापाशी टिकत नसे.

नावावरून पत्ता शोधण्याची सोय अर्थातच होती. अर्पानेटच्या आरंभकाळी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सर्व यंत्रांची एकच यादी ठेवली जाई. ती हाताबाहेर जाऊ लागली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था सिद्ध केली आणि प्रत्येक नामक्षेत्राचे दप्तर ज्याच्या त्याच्या स्वाधीन केले. तरीही या दप्तरात फेरफार करायचा तर तो कोणी माणूस बसून, फाइल उघडून, हाताने करील, हे गृहीत तसेच राहिले. आपणहून येणाऱ्या फेरफाराच्या अर्जाला अधिकृत रूप मिळाले ते एप्रिल १९९७ मध्ये, आरएफसी २१३६ या दस्तऐवजाने.

युनिक्सवर हा अर्ज धाडण्याची योजना मोठी सुटसुटीत आहे. जोडणी सांभाळणारा पीपीपीडी हा प्रोग्रॅम पत्ता हाती येताक्षणी आयपी-अप नावाची स्क्रिप्ट चालवतो आणि तिला जी माहिती पुरवतो तिच्यात चौथ्या क्रमांकावर नेमका तो नवा पत्ता असतो. स्क्रिप्टने तो उचलून एनएसअपडेट या आज्ञेच्या हवाली करायचा: जुनी नोंद रद्द, नवी नोंद दाखल, मुदत साठ सेकंद. ही मुदत म्हणजे इतरांनी ते उत्तर किती काळ स्मरणात ठेवावे याचा हुकूम. ती दिवसभराची ठेवली, तर दप्तरात दुरुस्ती होऊनही जग कालच्याच पत्त्यावर जात राहील. नवशिक्याला गोंधळात पाडणारी गोष्ट निराळीच आहे: या स्क्रिप्टचे सारे बोलणे पीपीपीडी मुळातच शून्यात सोडून देतो, त्यामुळे ती फसली तर पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही, आणि म्हणून तिने आपला वृत्तांत प्रणालीच्या लॉगमध्ये लिहावा हे उत्तम.

पण वर्दी देणारा तोच खरा मालक कशावरून? याचा बंदोबस्त २००० मध्ये टीसिग या पद्धतीने झाला. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने अर्जावर मोहोर उमटवायची आणि तिच्यात वेळही गोवायची, म्हणजे कोणी जुना अर्ज पुन्हा सादर केला तरी तो बाद ठरावा. सामान्यतः ३०० सेकंदांपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो. तेव्हा ज्याच्या घड्याळाची बॅटरी थकली आहे अशा जुन्या यंत्राची किल्ली बरोबर असूनही अर्ज फेटाळला जातो. आधी नेटवरून घड्याळ जुळवावे, मग वर्दी द्यावी, हा क्रम ज्याने पाळला त्याची पुष्कळ डोकेदुखी वाचली. स्वतःचा नेमसर्व्हर नसलेल्यांसाठी डिनडीएनएससारख्या सेवा गेल्या शतकाच्या अखेरीस निघाल्या. तिथे पत्ता बदलला नसताना वारंवार वर्दी देणाऱ्याचे नाव गोठवले जाई, आणि ते योग्यच होते.

या साऱ्या व्यवस्थेतील खरी मेख मात्र जाण्याच्या क्षणी आहे. लाइन तुटल्यावर आयपी-डाउन ही स्क्रिप्ट इमानाने चालते खरी, पण तोवर बाहेर जाण्याचा मार्गच उरलेला नसतो. म्हणजे आल्याची वर्दी देणारे यंत्र गेल्याची वर्दी देऊ शकत नाही. सोडून गेलेल्या भाडेकरूची पाटी दारावर तशीच राहावी, तसे आपले नाव त्या पत्त्याला चिकटून राहते, आणि पुढच्या घटकेला तो पत्ता ज्या अनोळखी ग्राहकाला मिळेल त्याच्या यंत्रावर आपले पाहुणे जाऊन थडकतात. साठ सेकंदांची मुदतही इथे निरुपयोगी, कारण चूक इतरांच्या स्मरणातली नसून मूळ दप्तरातलीच असते. आपण होऊन फोन ठेवायचा असेल तर त्याआधीच नोंद काढून टाकावी. एरवी, ठरावीक काळात नूतनीकरण न झालेल्या नोंदी पुसण्याचे काम नेमसर्व्हरवरच क्रॉनकडे सोपवावे. एसएसएच वापरणाऱ्याने यंत्राची किल्ली बदलल्याचा इशारा आला असता तो पुढे रेटू नये, कारण पलीकडे खरोखरच भलते यंत्र असण्याचा संभव असतो. आणि टपालाची नोंद अशा नावावर मुळीच ठेवू नये: ती सदैव चालू असणाऱ्या एखाद्या यंत्राच्या नावे असावी, आणि जोडणी झाल्यावर तिथून आपण आपले टपाल फेचमेलने ओढून घ्यावे.